तिसरा रकाना

आमच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, वरून रबर लावून. फ्रिजच्या दांड्याला प्लास्टिक, गादीला प्लास्टिक, आणि खास पाहुण्यांसाठी घेतलेल्या सोफ्यावरचं प्लास्टिक पाहुणे आले तरी निघत नाही. उन्हाळ्यात त्यावरून कुणी उठला की चर्र आवाज होतो आणि बिचारा ओशाळतो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मी कधीतरी पाटणकरांना विचारते, "अहो, मला बरं वेष्टनातून बाहेर काढलंत?" त्यावर ते गंभीरपणे म्हणतात, "तुझा रिसेल बघायचा नव्हता ना."

पाटणकर म्हणजे माझे यजमान, अविनाश पाटणकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माणूस सोन्यासारखा, पण वस्तू घरात येण्याआधीच ती कितीला जाईल हे त्यांच्या डोक्यात तयार असतं. मी उज्ज्वला. कराडच्या ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो गाढवपणा झाला त्यात माझाही वाटा आहे आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

दोन हजार पस्तीस साली आमची जुनी पेट्रोलची गाडी भंगारात गेली. विजेवरची नवी लहान गाडी घ्यायचं ठरलं तसं पाटणकरांनी दोनशे पानी वही काढली. निवृत्त झाले तरी त्यांच्या नोंदी अजून सरकारी टिपणासारख्याच. "दूध आणणे." "उज्ज्वलाच्या चष्म्याचे बघणे." आता त्यात तक्ता आखला गेला. एकाखाली एक तीन गाड्या: पिंगा, ऑर्विन आणि मैना. त्यांच्यापुढे तीन रकाने: किंमत, चार वर्षांनंतरची फेरविक्री, आणि चालवण्यातली मजा. तिसरा रकाना माझ्या हट्टामुळे आला होता.

पिंगा सगळ्यात स्वस्त, पण आत बसलं की बिस्किटाच्या डब्यात बसल्यासारखं वाटायचं. ऑर्विन महाग, पण विकायला काढली की गिऱ्हाईक दारात. मैना दोघींच्या मधली. ती आम्ही ओगलेवाडीच्या रस्त्यावर चालवून बघितली, म्हणजे आधी पाटणकरांनी आणि मग मी. माझ्याकडे वीस वर्षांचं लायसन्स होतं, पण घर ते कॉलेज यापलीकडे माझी मजल कधी गेली नव्हती. मैनेचं चाक हातात आलं, एक वळण घेतलं, आणि अगं बाई! नुसतं मनात आणावं आणि गाडीने वळावं. पाय उचलला की आपोआप ओढून धरायची, दाबला की लाडात आल्यासारखी पुढे सरकायची. शोरूममध्ये परत आल्यावर विक्रेत्याने विचारलं, "कशी वाटली, मॅडम?" मला बोलता येईना, मी आपली हसत उभी.

त्याच वर्षी मोदांकाची भानगड सुरू झाली होती. ती नीट सांगते, शिकवण्याची खोड जात नाही.

विजेच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी. जुनी गाडी कितीला जाईल हे बॅटरीत किती जीव उरलाय त्यावर ठरतं, आणि तो बाहेरून कळत नाही. लोक किलोमीटर बघून अंदाज करायचे आणि हमखास फसायचे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या, सारख्याच पळालेल्या दोन गाड्या; एकीची बॅटरी ठणठणीत, दुसरीची संपलेली. लाखो गाड्यांच्या नोंदी चाळल्यावर संशोधकांना कारण सापडलं: चालवणारा माणूस. चिडलेला किंवा घाबरलेला माणूस पाय दचकवत चालवतो. वीज एकदम ओढतो, एकदम सोडतो. त्या हिसक्यांनी बॅटरीच्या आतल्या कणांना बारीक तडे जातात, आणि गेलेला तडा बुजत नाही. मजेत चालवणाऱ्याचा पाय मऊ पडतो. त्याची बॅटरी टिकते.

मग मजा मोजायची कशी? तर चाकाच्या कडेला दोन चंदेरी पट्ट्या बसवल्या. तळहाताचा घाम, हृदयाचे ठोके आणि हाताची पकड एवढं त्या टिपतात. तुम्ही म्हणाल, ठोके तर भीतीनेही वाढतात आणि आनंदानेही. बरोबर, पण पकड वेगळी असते. घाबरलेला माणूस वळण संपलं तरी चाक आवळूनच बसतो. मजेत असलेला वळणावर घट्ट धरतो आणि वळण सरलं की सैल सोडतो. हे सगळं मिळून शंभरपैकी जो आकडा निघतो तो मोदांक. लोकांनी त्याचा लगेच मोदक केला. "गाडीला किती मोदक पडले?" असं विचारायला लागले.

हा आकडा चालवणाऱ्याला दिसत नाही. दिसला तर माणूस नाटक करणार. तो गाडीत मोहोरबंद राहतो आणि गाडी विकताना तपासणी केंद्रात, देणारा-घेणारा दोघांच्या समोर उघडतात. मोदांक चांगला निघाला तर किंमत भरभक्कम, वाईट निघाला तर मातीमोल. त्यापायी लोकांनी काय काय केलं! आमच्या गल्लीतल्या देशपाने वकिलांनी जावयाला गाडीला हात लावायची बंदी केली, कारण जावई शेअर बाजारात होता. हसतमुख ड्रायव्हर दिवसाला जादा पैसे मागू लागले.

पाटणकरांनी मात्र शांतपणे हिशोब मांडला. "मैना घ्यायची. जिची मजा जास्त तिचा मोदांक जास्त, जिचा मोदांक जास्त तिची फेरविक्री जास्त."

मला वाटलं, चला, कारण काही का असेना, आयुष्यात एक तरी वस्तू मजेसाठी घरात येतेय. वही बघितली तर मैनेच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात नुसती रेघ मारलेली.

"अहो, इथे रेघ का?"

"मजा फेरविक्रीत धरली. तीच गोष्ट दोनदा कशाला मोजायची?"



मैना घरी आली. सीटवरचं प्लास्टिक तसंच राहिलं, दारांवरचं राहिलं, चाकाला कंपनीने गुंडाळून दिलेलं पारदर्शक वेष्टन तेही राहिलं. डॅशबोर्डवर गणपतीची छोटी मूर्ती बसली. मूर्तीच्या मागे एक पिवळा दिवा सतत लागलेला असायचा. मी विचारलं तर पाटणकर म्हणाले, "रेकॉर्ड चालू असल्याची खूण आहे ती." माहितीपुस्तक बघावं म्हटलं, तर त्याचं सीलबंद पाकीट फोडायचं नव्हतं, पुढच्या मालकाला कोरं द्यायचं होतं. मी म्हटलं, असेल बाई. आणि एकतीस वर्षं पोरांना विद्युतरोधक शिकवणारी मी त्या प्लास्टिककडे रोज बघत शेजारी बसले.

नियम दोन झाले. पहिला, गाडी फक्त पाटणकर चालवणार. "तुझे हात नवशिके. घाबरलीस की अंक पडेल." दुसरा, गाडीत वाद घालायचा नाही. वाद झाला की चालवणाऱ्याचे ठोके बिघडतात.

हा दुसरा नियम कुणाला साधा वाटेल. पण आमचा सगळा संसारच गाडीत बोलला गेला होता. पाटणकर घरात बोलत नाहीत. घरी ते पेपरात असतात, नाहीतर कुठल्यातरी स्क्रूत. समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. पण चाक हातात आलं, नजर रस्त्यावर गेली, की हा माणूस मोकळा व्हायचा. माझं माहेर चिपळूणचं. कराडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून खाली. त्या वाटेवर आम्ही मुलीचं नाव ठरवलं, त्यांच्या वडिलांच्या आजारपणात काय करायचं ते ठरवलं, आणि भांडलो तर असे, की कोयनानगरला अबोला धरायचा आणि घाटमाथ्याला चहा पिताना सोडायचा. मैनेत हे सगळं बंद झालं. मी तोंड उघडलं की पाटणकर नजर रस्त्यावर ठेवून बोट तेवढं पिवळ्या दिव्याकडे करायचे.

आणि मी गप्प बसायचे. मला याचा फार राग यायचा आणि त्याहून वाईट वाटायचं. शेजारी बसलेल्या आपल्याच माणसाची आठवण यावी, असं झालं होतं.

एक गोष्ट तर राहूनच गेली. गाडी घेऊन वर्ष झालं असेल. मला छातीत गाठ लागली. मिरजेला तपासणी ठरली. घरी सांगायचं धाडस होईना, म्हटलं वाटेत गाडीत सांगू, तिथे यांना ऐकता येतं. पाटणकरांना एवढंच माहीत, की मी मैत्रिणीकडे, सुनंदा आरवाड्यांकडे, दोन दिवस राहायला चाललेय. इस्लामपूरच्या पुढे मी म्हटलं, "अहो, मला काहीतरी सांगायचंय." त्यांनी दिव्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "घरी गेल्यावर बोलू." मी खिडकीतून उसाचे फड बघत बसले. तपासणीला सुनंदा आली. सात दिवसांनी रिपोर्ट आला, काही नव्हतं, साधी गाठ. मग सांगायचं तरी काय, म्हणून राहिलं. पण ते माझ्या आत तसंच बसून होतं, तीन वर्षं.

एकोणचाळीसच्या नोव्हेंबरात सरकारी फर्मान आलं: एक जानेवारीपासून सगळ्या घाटांत गाड्या फक्त यंत्रानेच चालतील. माणसाने चाकाला हात लावायचा नाही. अपघात कमी होतील, हे मलाही पटलं. पण माहेरचा घाट पन्नास वर्षं मी शेजारच्या सीटवरून बघितला, आधी वडिलांच्या शेजारी, मग यांच्या. एकदा, फक्त एकदा, तो माझ्या हाताने चढायचा होता.

त्या संध्याकाळी मी पाटणकरांना तसं म्हटलं.

"अगं, आता?" ते दचकले. "मी गाडी विकायला काढलीय. जानेवारीनंतर हाताने चालवायच्या गाड्यांना कोण विचारतंय? चिपळूणच्या एक डॉक्टर आहेत, त्यांना मैनाच हवीय. बारा तारखेला तिथल्या केंद्रात उघडायचं. आता शेवटच्या पंधरा दिवसांत तू घाटात नेलीस आणि घाबरलीस, तर चार वर्षांची कमाई पाण्यात."

"म्हणजे मला मिळणारच नाही चालवायला?"

"पुढची गाडी स्वतःच चालेल. तू आरामात बस की."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली, घासलेली होती तरी.

बारा डिसेंबरला आम्ही निघालो. अख्ख्या वाटेत दोघं मिळून चार वाक्यं बोललो असू, त्यातली दोन पेढ्यांच्या डब्याबद्दल. नव्या मालकिणीसाठी पाटणकरांनी पेढे घेतले होते. त्यांच्या मते मोदांक ऐंशीच्या पुढे निघणार होता. घाट उतरताना मी एकेक वळण डोळ्यांत साठवत होते. काहीतरी बोलावंसं वाटलं, पण दिवा चालू होता.

तपासणी केंद्र बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे. डॉक्टर रुबिना परकार आधीच येऊन थांबल्या होत्या. वय असेल पस्तीसेक, जनावरांच्या डॉक्टर, पायात गमबूट, कारण दुपारी त्यांना अडलेल्या म्हशीकडे जायचं होतं. "वाडीवाडीवर फिरायचं असतं हो," त्या म्हणाल्या. "यंत्राला गोठ्याची वाट सापडत नाही. मला चाकवालीच गाडी हवी."

केंद्रातला तंत्रज्ञ सावंत. त्याने मोहोर तोडली, तार जोडली आणि पडद्याकडे बघत राहिला. मग वाकून गाडीत बघितलं आणि परत पडद्याकडे आला.

"काका," तो म्हणाला, "ही गाडी कोणी चालवली?"

"मीच," पाटणकर ताठ उभे राहून म्हणाले. "चार वर्षं. एकदाही आवाज चढवला नाही गाडीत."

"चढवला असतात तरी चाललं असतं. यात काहीच नाही. नोंदी शून्य."

"शून्य म्हणजे? मोदांक शून्य?"

"मोदांक नाहीच. चाकाला माणसाचा हात लागल्याची नोंदच नाही." त्याने चाकावरच्या वेष्टनावर टिचकी मारली. "हे काढलं नाहीत होय? पट्ट्यांना कातडी लागावी लागते, काका. वरून प्लास्टिक म्हणजे तुम्ही हातमोजे घालून नाडी बघितल्यासारखं झालं."

"पण दिवा चालू होता!"

"पिवळा दिवा म्हणजे चाकाला हात लागत नाहीये. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे."

पुस्तक सीलबंद पाकिटात होतं. कोरं करकरीत.

मी आधी हसले. खरंच, मला हसूच फुटलं, पोट धरून हसले. विद्युतरोधक! दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर लिहायचे मी: रबर, काच, लाकूड, प्लास्टिक. आणि मग हसता हसता माझे डोळे वाहायला लागले आणि ते काही थांबेनात. चार वर्षं आम्ही गप्प बसलो होतो, आणि ऐकायला तिथे कुणी नव्हतं. सावंत घाबरला. डॉक्टर परकारांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाटणकर चाकाकडे बघत उभे होते, गृहपाठ विसरलेल्या मुलासारखे.

"नोंद नसेल तर कायद्याने सगळ्यात खालची किंमत," सावंत म्हणाला. "पण एक करता येईल. उघड्या हाताने चाळीस मिनिटं तरी चालवून आणा, घाट असेल तर उत्तम. त्यावर तात्पुरता अंक काढतो. घाटमाथ्याला वळसा मारून या."

"मी तोवर म्हशीला मोकळी करते," डॉक्टर परकार म्हणाल्या.

सावंतने ब्लेड घेऊन चाकावरचं वेष्टन फाडलं. आतून दोन चंदेरी पट्ट्या निघाल्या, अगदी नव्या. पाटणकर चाकाशी बसले, हात ठेवले, आणि लगेच उचलले. तळवे घामाने ओले झाले होते.

"माझा अंक येणार नाही," ते हळू म्हणाले. मग खाली उतरले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "उज्ज्वला, तू चालव."

"माझे हात नवशिके आहेत."

"असू देत."

मी पदर खोचला आणि चाकाशी बसले. माझा हात लागला आणि गणपतीच्या मागचा पिवळा दिवा विझला, हिरवा लागला.

घाटाच्या पायथ्याला पोफळी, तिथपर्यंत मी जीव मुठीत धरून चालवत होते, हे कबूल. पहिल्या चढाच्या वळणावर चाक इतकं आवळलं की बोटं दुखली. दुसऱ्याला थोडी सैलावले. तिसऱ्या वळणाला समोरून ट्रक आला, मी डावीकडे घेतली, पाय उचलला, मैनेने आपोआप ओढून धरलं, ट्रक गेला, मी पाय टेकवला आणि ती सुळकन वर. "अहो, बघितलंत?" मी ओरडले. "बघितलंत का?"

"बघितलं. पुढे बघ, पुढे!"

"मी पुढेच बघतेय! चार वर्षं पुढेच बघतेय, तुम्ही बोट दाखवाल तिकडे!"

आणि मग जे सुटलं ते सुटलं. मी काय काय बोलले! माझ्या निरोप समारंभाला ते सभागृहाच्या मागच्या रांगेत बसले ते, मुलगी नागपूरला गेली त्या रात्री पेपर वाचत बसले ते, सोफ्याचं चर्र ते, त्या रिमोटची पिशवी. एका वळणावर एक, दुसऱ्या वळणावर दुसरं. पाटणकरही काही कमी नाहीत. "मागच्या रांगेत बसलो कारण मला रडू येत होतं!" ते तावातावाने म्हणाले. "आणि पेपर उलटा धरला होता त्या रात्री, तू बघितलं तरी का?" मी नव्हतं बघितलं. मी वळण घेतलं आणि हसले, आणि तेही हसले, आणि आम्ही परत भांडायला लागलो.

घाटाचा मधला टप्पा आला. डावीकडे दरी, उजवीकडे काळा कातळ. मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी मला गाठ झाली होती."

त्यांनी खिडकीची काच वर केली, नीट ऐकू यावं म्हणून.

"छातीत. मिरजेला सुनंदाकडे राहायला गेले नव्हते, तपासायला गेले होते. काही निघालं नाही. आता बरी आहे मी, घाबरू नका."

"मीच सोडलं होतं तुला मिरजेला," ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"दिवा चालू होता."

मी रस्त्याकडे बघत होते, म्हणून त्यांचं तोंड मला दिसलं नाही. आवाज मात्र ऐकू आला. आधी चर्र झालं, मग फर्रर्र. बघते तर पाटणकर आपल्या सीटचं प्लास्टिक फाडत होते. दाताने धरून, दोन्ही हातांनी ओढून. सीटचं झालं, दाराचं झालं. मग पुढे वाकून डॅशबोर्डवरचं काढलं, गणपती उचलून मांडीवर घेतला, खालचा तुकडा ओढला आणि गणपती परत ठेवला. माझ्या डोक्यामागचं काढताना त्यांचा हात माझ्या मानेपाशी थांबला आणि तिथेच राहिला.

"एकटी बसली होतीस तिथे," ते म्हणाले. "आणि मी परतीच्या वाटेवर हिशोब करत होतो, आज किती मोदक पडले."

"सुनंदा होती."

"मी नव्हतो ना!"

त्यांचे डोळे भरून आले होते, ते मला आवाजावरूनच कळलं. मी एक हात सोडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "दोन्ही हात चाकावर!" ते ओरडले. असे आमचे पाटणकर.

घाटमाथ्याला टपरीपाशी मी गाडी लावली. गाल हसून हसून दुखत होते. चहा आला. पाटणकर फाटक्या प्लास्टिकचा बोळा पोटाशी धरून उभे होते. मी घड्याळ बघितलं. "एक्कावन्न मिनिटं झाली. अंक निघेल. चला, डॉक्टर वाट बघत असतील."

"तो आकडा कळतो कधी?"

"विकताना. तसा कायदाच आहे."

"विकली नाही तर?"

"नाही कळणार."

त्यांनी चहा संपवला. मग फोन काढून डॉक्टर परकारांना लावला आणि माझ्यासमोर स्पीकरवर टाकला. "डॉक्टर, पाटणकर बोलतोय. माफ करा, तुमचा दिवस फुकट घालवला. मी गाडी देत नाही."

पलीकडून म्हशीचा हंबरडा आणि मग डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं. "मला वाटलंच होतं, काका. ताई फाटकातून बाहेर पडताना त्यांचं तोंड बघितलं मी. मला दुसरी मैना मिळेल. इथे म्हशीला रेडी झालीय, पेढे मात्र पाठवा."

पेढे पाठवायचं कबूल झालं. पाटणकरांनी फोन खिशात टाकला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "एकतीस डिसेंबरपर्यंत एकोणीस दिवस आहेत. रोज एक चक्कर धरली तरी," ते म्हणाले, आणि मी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबले.

मग गाडीतून ती दोनशे पानी वही काढली. व्यवहाराला लागेल म्हणून बरोबर आणली होती. बॉनेटवर ठेवून जुनं पान उघडलं. पिंगा, ऑर्विन, मैना. किंमत, फेरविक्री, मजा. मैनेच्या फेरविक्रीचा आकडा त्यांनी आडवी रेघ मारून खोडला. मग तिसऱ्या रकान्यातली ती जुनी रेघ खोडली आणि वर त्यांच्या त्या सरकारी अक्षरात लिहिलं: "उज्ज्वलाला विचारणे."

मी वाचलं. वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि चाकाशी जाऊन बसले.

"मग विचारा की," मी म्हटलं.

ते चाकाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या शेजारच्या उघड्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, रस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "कशी वाटली, मॅडम?"

मी गाडी कराडच्या दिशेला वळवली आणि सांगायला लागले. पाटण आलं तरी माझं संपलं नव्हतं.